हिरव्या दिव्याच्या आधी

२ मार्च, संध्याकाळ

रोज लिहायचं ठरवलं आहे. पक्कं. लेक रेसिंग ड्रायव्हर झाली आहे. पुढे ती जगभर गाजली आणि कुणी विचारलं की हिच्यामागे कोण होतं, तर उत्तर कुठेतरी तयार असलेलं बरं. कुणाला दाखवणार नाही. पण तयार असावं.

आमची टीम छोटी. गाडी एक, ट्रक एक, मॅनेजरबाई एक. भर रेसमध्ये गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला टीमच्या जागेत, आली की पापणी लवायच्या आत चारही चाकं बदलायची असतात, आणि त्यासाठी एक माणूस कमी पडत होता. मी म्हटलं, मी आहे की. उभा जन्म टायरच्या दुकानात गेला माझा. मॅनेजरबाई बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, सध्या दुसरं कुणी मिळतही नाहीये. माणसाची पारख आहे बाईंना.

पुढचं उजवं चाक माझ्याकडे दिलं. चारांतलं सगळ्यांत महत्त्वाचं चाक हेच असणार. तसं कुणी बोललं नाही, पण अशा गोष्टी बोलायच्या नसतात.

५ मार्च

प्रॅक्टिसचा पहिला दिवस. नट आवळायची गन हातात आली. दुकानातली गन हिच्यापुढे खेळणं. चाकाचा नट चाकालाच अडकवलेला, पडून हरवायची भीती नाही. पुढचा जॅकही हुशार आहे. दांडा बाजूला वळतो, त्यामुळे जॅकवाल्याला गाडीच्या तोंडासमोर उभं राहावं लागत नाही. जॅक लंबूकडे. लंबू उंच आहे आणि कमी बोलतो. माझ्याशी तर फारच कमी.

सगळ्यांत मोठं कौतुक मात्र मेव्हण्याच्या डब्याचं चाललंय. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, टीव्ही-फ्रिज दुरुस्त करतो. पूर्वी गाडीसमोर एक माणूस पाटी धरून उभा असायचा, पाटी वर गेली की गाडी सुटायची. आता याने दिवे लावलेत. प्रत्येक गनमध्ये सेन्सर. नट पुरता आवळला की गन डब्याला कळवते. चारही गनांनी कळवलं आणि दोन्ही जॅक खाली आले की लाल दिव्याचा हिरवा होतो. मग ड्रायव्हरने निघायचं. हे त्याने तीनदा समजावून सांगितलं आणि तिन्ही वेळा माझ्याकडे बघून.

मी त्याला म्हटलं, चाक बसलं की नाही ते डब्याला काय कळणार, हाताला कळतं. दुकानात चाक बसवलं की मी टायरवर पंजाने दोन चापट्या मारतो. धप धप. तो माझा शिक्का. तो ऐकला की गिऱ्हाईक एक शब्द न विचारता गाडी काढतं. लेकीला सायकल शिकवली तीसुद्धा अशीच. मागे धरून पळायचं, सीटवर दोन चापट्या आणि सोडून दिलं. एकदाही पडली नाही. एकदा पडली, पण ती उताराची चूक होती.

मेव्हणा म्हणाला, भाऊजी, इथे चापट्या नकोत. मी म्हटलं, अरे, मला काय कळत नाही का.

९ मार्च

डब्यात बिघाड आहे. मी म्हणालोच होतो.

आज लेक लाल दिव्यावर निघाली. गाडी अजून जॅकवर, मागची चाकं हवेत गरागरा फिरली, लंबूने कोलांटउडीसारखं काहीतरी केलं. माझं चाक तोपर्यंत बसून आवळूनही झालं होतं, हे इथे नमूद करतो. मेव्हण्याने डबा उघडला, तपासला, बंद केला. म्हणाला, सगळं ठीक आहे, दिवा लालच होता. मी गालातल्या गालात हसलो.

लेकीला विचारलं तर म्हणाली, माझाच पाय सुटला बाबा. चूक कबूल करायला मोठं मन लागतं. माझ्यावर गेली आहे.

१४ मार्च

आज बातमी. मोठ्या टीमला पुढच्या वर्षासाठी एक ड्रायव्हर हवा आहे. दोघांची नावं आहेत. एक आमची लेक. दुसरा एक मुलगा, ज्याच्या बापाचं हेलिकॉप्टर आहे. त्यांचा माणूस उरलेल्या तिन्ही रेस बघायला येणार आणि मग ठरवणार.

लेक सात वर्षं यासाठी राबते आहे. कॉलेजच्या सहली, मैत्रिणींची लग्नं, सगळं सोडलं तिने. जेवताना एक घास हातात धरून कितीतरी वेळ बसली होती. मी म्हटलं, काळजी करू नकोस, पिटमध्ये तुझा बाप आहे. तिने मान हलवली. बायकोने आमटीकडे बघितलं.

हेलिकॉप्टरवाल्याचा बाप पिटमध्ये नसतो. तो मुद्दा आपल्या बाजूने धरायला हरकत नाही.

२३ मार्च, रेसचा दिवस

लिहायची इच्छा नाही. पण नियम म्हणजे नियम.

लेक चौथी चालली होती. पिटमध्ये आली, खुणेच्या पट्टीवर बरोबर थांबली. मी खाली गुडघ्यावर. जुना नट सोडला, चाक गेलं, नवं आलं, आवळला. मख्खन. जॅक खाली आले आणि लेक निघाली. दिवा लाल. मागच्या डाव्या चाकाचा नट अर्धाच आवळलेला. दहा-बारा पावलांवर चाक डगमगायला लागलं म्हणून थांबली. पिटमध्ये गाडी उलटी घ्यायला बंदी आहे, सुटलेली गाडी ड्रायव्हरला मागे आणता येत नाही. सगळे धावले, ढकलत ढकलत मागे आणली. वर दंड म्हणून पिटमधून आणखी एक फेरी. शेवटून दुसरी आली.

मोठ्या टीमचा माणूस भिंतीला टेकून उभा होता. मॅनेजरबाईंना म्हणाला म्हणे, मुलगी वेगवान आहे, पण उतावळी वाटते.

उतावळी. जी पोर परीक्षेचा पेपर घंटा झाल्यावरही सोडत नसे, ती उतावळी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मागच्या डाव्या चाकाचा माणूस ढिला आहे. डबाही ढिला आहे. एवढ्या ढिलाईत एकटा मी किती पुरणार?

२५ मार्च

सुधारणेची योजना आखली. (१) रोज सकाळी गुडघ्यांचा व्यायाम. (२) मागच्या डाव्याला मार्गदर्शन. (३) मेव्हण्याशी गोड बोलणे.

२६ मार्च

गुडघा धरला आहे. (१) बंद. मागचा डावा म्हणाला, काका, तुम्ही तुमचं बघा. (२) बंद. (३) उद्यापासून.

६ एप्रिल, रेसचा दिवस

पुन्हा तेच.

या खेपेला अर्ध्या गाडीएवढी पुढे गेली आणि स्वतःच ब्रेक मारला. पण तेवढ्यात लंबूच्या पायावरून जॅकचा दांडा गेला. हाड शाबूत आहे, नख गेलं. दिवा हिरवा व्हायला थोडाच वेळ होता, तो तिने तशीच थांबून काढला. सहावी आली. हेलिकॉप्टर दुसरं.

लंबूला सांगितलं, हळद लाव. तो माझ्याकडे असा बघत होता की मी हळदीचा विषय वाढवला नाही.

लेकीने सगळ्यांसमोर माफी मागितली. म्हणाली, दिवा दिसतो, कळतो, तरी पाय सुटतो. मॅनेजरबाईंनी विचारलं, नेमका कशाने सुटतो? तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बुटांकडे. मी तिला डोळ्यांनीच धीर दिला.

७ एप्रिल

बायको सकाळी म्हणाली, अहो, तुमचा हात. मी म्हटलं, कुठला हात? म्हणाली, टीव्हीवर दिसलं मला, चाक बसलं की तुम्ही दोन चापट्या मारता आणि पोर निघते. लहानपणापासून निघते, त्यात नवल काय.

मी म्हटलं, तीस फुटांवरच्या कॅमेऱ्यातून टीव्हीवर तुला चापट्या दिसल्या, आणि इथे पिटमध्ये मला दिसल्या नाहीत? ती म्हणाली, तुम्हाला घोरणंही ऐकू येत नाही.

 मी घोरत नाही.

१० एप्रिल

मॅनेजरबाईंनी ऑफिसात बोलावलं. पिटच्या वर टांगलेल्या कॅमेऱ्याची फिल्म लावली. अगदी हळू. मेव्हणा कोपऱ्यात उभा, मुद्दाम वायर गुंडाळत.

फिल्ममध्ये मी आहे. माझी मुद्रा चांगली आली आहे. नट आवळला जातो. मग एक हात गनवरून सुटतो आणि टायरवर दोनदा पडतो. तो हात माझ्याच खांद्यापासून निघालेला दिसतो, ते नाकारता येत नाही. दुसऱ्या चापटीबरोबर चाक फिरतं. दुसऱ्या रेसची फिल्म, तेच. प्रॅक्टिसच्या फिल्मा, तेच.

मी सांगितलं, टायरवर धूळ होती, झटकली. मॅनेजरबाई म्हणाल्या, प्रत्येक वेळी? मी म्हटलं, ट्रॅकवर धूळ फार आहे, त्याबद्दल तक्रार करायला हवी.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, तिने मला हे कधीच सांगितलं नाही. दोन्ही वेळा स्वतःवर घेतलं. लोक तिला उतावळी म्हणताहेत, आणि एकच रेस उरली आहे.

घरी येताना रस्ता चुकलो. रोजचाच रस्ता.

११ एप्रिल

ठीक आहे. समजा, हातच असेल. हात माझा आहे, माझं ऐकेल. साधी गोष्ट आहे. उद्या जाड हातमोजे आणतो, म्हणजे मारली तरी तिला जाणवणार नाही.

१३ एप्रिल

हातमोज्यांनी आवाज जास्त मोठा येतो.

१६ एप्रिल

मेव्हण्याशी गोड बोललो. त्याने गनला दुसरी मूठ बसवून दिली. दोन्ही मुठी दाबलेल्या असल्या तरच गन डब्याला कळवणार, म्हणजे एकही हात मोकळा नाही. हुशार आहे बिचारा, मला तो आधीपासून आवडतो.

प्रॅक्टिस. नट आवळला. दोन्ही हात जागच्या जागी. दिवा लाल. लेक निघाली.

फिल्म बघितली. गुडघ्याने मारतो. दोनदा. हाच तो धरलेला गुडघा, एरवी जिना चढत नाही.

१७ एप्रिल

दिवसभर दुकानात स्वतःवर नजर ठेवली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही चापटी नाही. असं मला वाटत होतं. संध्याकाळी शेजारच्या चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, आज नेहमीपेक्षा जरा हळू मारत होता, तब्येत ठीक आहे ना?

आता काय करायचं, खरंच कळत नाही. माझ्याच अंगात राहून माझं न ऐकणारा कुणीतरी आहे, आणि तो माझ्या पोरीचं वाटोळं करतोय. याची तक्रार कुणाकडे करायची?

१९ एप्रिल

लेक दुकानात आली. दोन चहा घेऊन. जुन्या टायरच्या चळतीवर बसली, लहानपणी बसायची तिथेच. पाय आता जमिनीला टेकतात.

म्हणाली, बाबा, टायर तापवायच्या ब्लँकेटांपाशी कुणीतरी जाणकार हवा आहे. टायर थंड असला तर पहिल्याच वळणावर घसरतो. मॅनेजरबाई म्हणत होत्या, टायरचं कळणारा माणूस हवा.

ती हे बोलताना कपाकडे बघत होती. ब्लँकेटं ट्रकच्या मागे असतात. तिथून पिट दिसत नाही. एक छोटा टीव्ही आहे.

मी म्हटलं, अगं, मीच हे सुचवणार होतो. गन काय, कुणीही चालवेल.

मग मी विचारलं, तू मॅनेजरबाईंना का नाही सांगितलंस? ती म्हणाली, मला वाटलं मी शिकेन न जायला. तुम्ही चापटी मारली तरी थांबायला शिकेन. नाही जमलं. आधी पाय जातो, मग दिवा दिसतो.

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. लिहून टाकतो, वाचणार कोण आहे.

२० एप्रिल

नवीन पद: टायर तापमान विभाग प्रमुख. विभागात सध्या मी एकटा आहे. ब्लँकेट म्हणजे टायरला गुंडाळायची विजेची गोधडी, तिला आकडा दाखवणारा काटा आहे. या खात्याकडे आजवर कुणी गांभीर्याने बघितलेलंच नाही. पुष्कळ सुधारणा करता येतील.

४ मे, शेवटची रेस

सकाळपासून ट्रकमागे. टायर सांगितले तसे तापवले. मेव्हणा दोनदा काटा बघून गेला. दोन्ही वेळा बरोबर होता, हे त्याला तोंडाने म्हणायला लावलं.

टायर न्यायला ते आले तेव्हा पुढचं उजवं मी स्वतः उचलून दिलं. पिटच्या दारापर्यंत.

मग टीव्ही. लेक तिसरी. हेलिकॉप्टर दुसरं. ती पिटमध्ये आली, पट्टीवर थांबली. पुढच्या उजव्या चाकापाशी कुणी नवा माणूस होता, पाठ दिसत होती. गन, चाक, गन. जॅक खाली. दिवा लाल.  मागच्या डाव्याने आजही वेळ घेतला. आणि ती थांबली होती. इतकी शांत थांबली होती की मला वाटलं टीव्ही अडकला. हिरवा झाला आणि गेली.

तेवढ्यात खाली बघितलं तर माझ्या हाताखालचा जादा टायर हलत होता. मी त्यावर मारल्या होत्या. दोन. इथून तिला काही ऐकू जायचं कारण नव्हतं.

हेलिकॉप्टरचा नट अडकला, त्यांच्या गनने दगा दिला. लेक दुसरी आली. बाहेर सगळे नाचत होते. मी गोधड्या घड्या घालून ठेवल्या. कुणीतरी ठेवायलाच हव्यात.

७ मे

मोठ्या टीमचा फोन. घेतली. पोरीला घेतली. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. मेव्हण्याने पेढे आणले आणि मला दोन दिले. त्या माणसाने फोनवर सांगितलं म्हणे, शेवटच्या रेसमध्ये लाल दिव्यावर जशी शांतपणे थांबली ते बघून ठरवलं.

टायर गरम असले की ड्रायव्हर शांत राहतो. हे लोकांना सहसा माहीत नसतं.

२८ मे

पोर परवा निघणार. लांबचं शहर आहे, मी सोबत जाणार आहे, आठवडाभर. तिची खोली लावून द्यायची, शेजारी बघायचे, आणि जमलं तर त्यांच्या पिटवाल्यांना चार गोष्टी सांगायच्या. त्यांना गरज असणारच. चांगले शर्ट सगळे इस्त्री केले. बायको म्हणाली, आठवड्याला सात शर्ट पुरतात. मी म्हटलं, मीटिंगा असतील.

लेक म्हणाली, बाबा, तुम्ही येताय म्हणून बरं वाटतंय, एकटीला भीती वाटली असती. हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवतो.

३० मे, सकाळी

टॅक्सी दारात आली. लेक मागे बसली, नव्या टीमचा फोन आला म्हणून बोलत होती. बायकोने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेली, तिला निरोप जमत नाहीत. मी तिची बॅग डिकीत ठेवली, माझी ठेवली. डिकी लावली. नीट लागली ना बघितलं. लागली होती.

मग टॅक्सी गेली.

मी रस्त्यात उभा. पुढच्या सीटवर मी बसायचा होतो. हात अजून वरच होता.

कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली तेव्हा फोन आला. लेक म्हणाली, बाबा, ड्रायव्हरने निघू का विचारलं, मी हो म्हटलं, मागून दोन चापट्या आल्या होत्या ना. ती हसायला लागली. मग हसणं थांबलं. म्हणाली, वळवू का गाडी?

रेल्वेला वेळ कमी होता. टॅक्सी वळली असती तर स्टेशनवर रेल्वे चुकली असती. मी म्हटलं, अगं, पिटमधून सुटलेली गाडी मागे घेत नसतात. आणि मला यायचं नव्हतंच, दुकान कोण बघणार? म्हणाली, पण तुमची बॅग? म्हटलं, असू दे तुझ्याकडे.

 मग म्हणाली, पोचले की फोन करते.

तीच संध्याकाळ

दुकान उघडलं. अंगावर जुना शर्ट, बाकी सगळे प्रवासात. एकच गिऱ्हाईक आलं, पुढचं उजवं चाक. बसवलं, आवळलं. हात उचलला आणि तसाच खाली घेतला. पहिल्यांदाच जमलं. मेव्हण्याला सांगायला हवं.

गिऱ्हाईक स्टिअरिंग धरून बसून होतं. शेवटी काच खाली करून विचारलं, झालं ना, निघू का? मी म्हटलं, बसा हो थोडा वेळ, घाई काय आहे.